माहीत नव्हतं म्हणा, अण्णा

गुंडोजीराव लाडांना पहिल्या दिवशी मी जास्त पाहिलं ते पाठमोरं. आम्ही नुकतेच पुण्याहून बंगळूरला उतरलो होतो. ह्यांना तिथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती आणि तिथल्याच शिवाजीनगरच्या बाजारामागे एका गल्लीत भाड्यानं घर ठरलं होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर कट्टा होता आणि कट्ट्यावर एक गृहस्थ बसले होते. डोक्याला काळी टोपी, मिशीला तूप, गळ्यात शिंप्याची टेप. टेप नुसती शोभेची होती, हे पुढे कळलं.

ह्यांनी पत्ता विचारायला तोंड उघडलं, तर पुरतं ऐकूनही न घेता गृहस्थ उठले. "गोत्तु गोत्तु!" म्हणाले आणि चालायलाच लागले. माहीत आहे, याला कानडीत गोत्तु म्हणतात, एवढं माझं पहिलं कानडी त्या दिवशी झालं. पुढे ते, त्यांच्यामागे ट्रंक घेतलेला हमाल, मग हे, आणि शेवटी बोचकं आणि लोणच्याची बरणी सांभाळत मी. चर्च मागे पडलं, मटणाचा बाजार मागे पडला आणि आम्ही येऊन थांबलो ते एका शवपेट्या करणाऱ्या सुताराच्या दारात. "हेच घर," गुंडोजीराव म्हणाले. सुतार बाहेर आला आणि माझ्याकडे असा वरपासून खालपर्यंत बघायला लागला, की हा आता माप घेतो की काय असं मला वाटलं. बाई गं! नव्या संसाराची काय ती सुरुवात!

शेवटी एका दूधवाल्यानं आम्हाला घरी पोचवलं. घर कुठे, तर त्याच कट्ट्याला लागून. गुंडोजीरावांची आणि आमची भिंत एकच होती. ह्यांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, तर गृहस्थांना काडीची लाज नाही. "तेच तर मी म्हणत होतो," म्हणाले आणि पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले.

लाडांचं घराणं बंगळुरातलं फार जुनं. कधी आले, कोणाबरोबर आले, हे कुणालाच सांगता येत नसे. गुंडोजीरावांना अर्थातच येई, आणि दर वेळी वेगळं. घरात मराठी, पण त्या मराठीत स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, शिवाय अण्णा, अक्का असं सगळं कानडी कालवलेलं. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला तुळसाक्का. पाठीमागे मात्र त्यांचं नाव गोत्तु अण्णा. कारण एकच. हा माणूस उभ्या जन्मात "माहीत नाही" म्हणाला नव्हता. माहीत नाही याला गोत्तिल्ल म्हणतात, हे मी भाजीवालीकडून शिकले. शेजारी राहूनही अण्णांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही.

रशियानं आकाशात उपग्रह सोडल्याची बातमी आली, त्या दिवशी गल्लीत सगळे माना वर करून उभे. अण्णा कट्ट्यावरून हलले नाहीत. "गोत्तु. मी पहाटे पाहिला. हिरवा होता," म्हणाले. माझ्या स्वयंपाकघरातून वास आला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "वहिनी, कळलं! पुरण!" एकदा मी ह्यांच्या शर्टांची खळ शिजवत होते. तरी पलीकडून पुरणच. मी काही बोलले नाही. कुणाचा आनंद कशाला मोडा? शिवाय खळ थोडी करपली होती, ती चर्चा मलाही नको होती.

धंदा शिंप्याचा. बाजारात दुकान, लग्नाच्या बँडवाल्यांचे गणवेश ही खासियत. पण माप घेणं अण्णांना कमीपणाचं वाटे. "नजरेत माप आहे," म्हणायचे. त्या नजरेनं शिवलेला लाल कोट घालून एक ट्रंपेटवाला एकदा आमच्या गल्लीतल्या वरातीत आला होता. बिचाऱ्याचा हात खांद्याच्या वर जाईना. ट्रंपेट छातीशी धरायचं आणि मान खाली घालून त्यात फुंकायचं, असं त्यानं ते लग्न पार पाडलं. बँडमास्तर तणतणत दुकानावर आला, तर अण्णा शांत. "दोनदा धुतलं की बसेल. गोत्तु मला." कापडाच्या बाबतीत त्यांना कोणी काही शिकवायचं नाही. हात लावला की सूत कुठलं, कापूस कुठला, यंदाचा की गेल्या सालचा, सगळं सांगायचे. खरं-खोटं कोण तपासतोय? गिऱ्हाईक मान डोलवायचं. माणसं वाईट नव्हती आणि अण्णाही वाईट नव्हते. नुसते शहाणे होते.

तर ह्या शहाणपणानं एक दिवस त्यांना पुरतं खड्ड्यात घातलं.

बंगळूरजवळच्या आनेकलच्या एका बँडचे कपडे पोचवून अण्णा परतीच्या बसची वाट बघत होते. तिथे एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला. हातात दोन जाड उश्या. माझी मुलगी शिवाजीनगरात बाळंत झालीय, म्हणाला, मला पाय साथ देत नाहीत, एवढ्या तिला पोचवाल का? बसस्टँडवर जावई येईल, घेऊन जाईल. अण्णांनी उशी दाबून पाहिली. इथे दुसरा कुणी म्हणाला असता की ही इतकी जड का, हिला वास कसला येतोय. अण्णांनी काय करावं? म्हाताऱ्याला काही विचारायच्या आत त्यांनीच सगळं सांगून टाकलं. "सावरीचा कापूस. नदीकाठचा, म्हणून वजनाला बसतो. बाळंतिणीसाठी धूप दिलाय, होय ना?" म्हातारा क्षणभर बघतच राहिला म्हणे. मग हात जोडून म्हणाला, "अण्णा, तुमच्यापासून काय लपणार!"

हे अण्णांनीच मला नंतर सांगितलं, आणि तेही अभिमानानं! कपाळ माझं.

बस निघाली. अण्णांनी एक उशी डोक्याखाली घेतली आणि छान झोप काढली. नाक्यावर अबकारीवाल्यांनी बस अडवली, तेव्हा हे घोरत होते. इन्स्पेक्टरनं हलवून उठवलं. "ह्या उश्या कुणाच्या? आत काय आहे ठाऊक आहे?" सगळी बस माना वळवून बघतेय. आणि सगळी बस बघत असताना अण्णांच्या तोंडून दुसरं काय निघणार? "गोत्तु गोत्तु!" इन्स्पेक्टरनं उसवलं, तर वरचा बोटभर कापूस सोडला तर आत ठासून गांजा. "हा गांजा आहे, हे तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं. आता तरी? छे! "न समजायला मी काय दूधखुळा आहे?" असं अण्णा भर बसमध्ये म्हणाले. झालं. बेड्याच.

शिवाजीनगरच्या बसस्टँडवर जावई काही आला नाही. आनेकलला म्हातारा काही सापडला नाही. सापडले ते एकटे अण्णा.

खटला उभा राहिला, तर अण्णांनी वकील घेतला नाही. कायदा त्यांना ठाऊक होता. मॅजिस्ट्रेट भला माणूस असावा. त्यानं पुन्हा नीट विचारलं, की बाबा, उशीत काय आहे हे तुला खरोखरच ठाऊक होतं? अण्णा म्हणाले, "स्वामी, कापडाच्या धंद्यात हयात गेली. उशीत काय भरलंय ते शिंप्याच्या हाताला कळत नाही होय?" एक वर्ष सक्तमजुरी! निकाल ऐकून तुळसाक्कांना मी धरून घरी आणलं. त्या रडत नव्हत्या, नुसत्या म्हणत होत्या, "ह्यांना भात मऊ लागतो हो वहिनी, तिथे कोण देणार?"

मी मेली हसणारी बाई. पण त्या वाक्याला मला हसता आलं नाही.

अपील करायचं तुळसाक्कांनी ठरवलं. ह्यांच्या ओळखीचे एक कुलकर्णी वकील होते, मूळ बेळगावचे. राज्य बदललं, कोर्ट बदललं, तसे गाशा गुंडाळून बंगळुरास आलेले. तोंडानं फटकळ आणि नाकात सतत तपकीर. त्यांनी जामीन मिळवला, अण्णांना घरी आणलं आणि आमच्या ओसरीवर सगळ्यांना बसवून सांगितलं, "कायदा सरळ आहे. माल तुमच्यापाशी सापडला. आता तो काय आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, एवढं कोर्टाला पटलं की सुटलात. कोणता चोर चोरीच्या मालावर डोकं ठेवून नाक्यावर घोरतो? आपली बाजू भक्कम आहे. फक्त जज्जसाहेब तुम्हाला विचारतील. तेव्हा दोन शब्द म्हणायचे. माहीत नव्हतं."

अण्णांनी गळ्यातली टेप सारखी केली.

"म्हणा की."

"वकीलसाहेब," अण्णा म्हणाले, "दुसरं काही नाही का म्हणता येणार?"

कुलकर्णींनी तपकिरीची चिमूट तशीच हवेत धरली. "मी खुनी सोडवलेत," ते म्हणाले, "दरोडेखोर सोडवलेत. शहाणा माणूस सोडवायची ही पहिलीच वेळ."

मग घरात तालीम सुरू झाली. भिंत एकच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं, आणि ऐकू आलं नाही तर मी जाऊन बघायचे. तुळसाक्का खुर्चीवर बसायच्या. नवऱ्यासमोर खुर्चीवर बसायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. पदर सावरून, अगदी टोकावर. अण्णा समोर उभे.

"उशीत काय होतं ते तुम्हाला माहीत होतं का?" तुळसाक्का जज्जाच्या आवाजात विचारायच्या.

"माहीत..."

"हं, पुढे."

"माहीत नव्ह... तुळसे, स्वल्प पाणी आण."

कधी ठसका लागायचा, कधी शिंक यायची, कधी "माहीत नव्हतं असं नाही, पण" असं सुरू व्हायचं. शेवटी एक दिवस तुळसाक्कांनी खुर्ची सोडली. "वर्षभर दगड फोडाल, पण दोन शब्द म्हणणार नाही! माझा तरी विचार करा. माहीत नव्हतं म्हणा, अण्णा!" नवऱ्याला त्या एरवी अण्णा म्हणत नसत. गल्ली म्हणते तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

अण्णा खाली बसले. टेप बोटाला गुंडाळत म्हणाले, "सुटून आलो की मला दुकानातच बसायचंय ना? शिंप्याला उशीतलं कळलं नाही, असं भर कोर्टात सांगू? मग उद्या कापड कोण देईल हातात? मला दुसरं काय येतं?"

मी दारात उभी होते. चेष्टा करायलाच आले होते, पण परत फिरले. त्या माणसाच्या बोलण्यात इतका अर्थ असलेला मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तो नेमका नको तिथे होता.

अपिलाच्या दिवशी तुळसाक्कांबरोबर मीही सेशन कोर्टात गेले. मागच्या बाकावर आम्ही दोघीच बायका. एव्हाना मला कानडी बऱ्यापैकी समजत होतं. कुलकर्णी छान बोलले. आपला अशील किती भाबडा आहे, कसा घोरत होता, म्हाताऱ्यानं त्याला कशी शेंडी लावली, सगळं रंगवून सांगितलं. ते जसजसे रंगवत होते तसतसे अण्णा पिंजऱ्यात लाल होत चालले. आपला वकील चारचौघांत आपल्याला मूर्ख म्हणतोय, आणि त्याची फी आपलीच बायको देतेय!

जज्जसाहेब वयस्कर, बारीक चणीचे. त्यांनी कागद बाजूला केले आणि थेट विचारलं, "उशीत काय होतं, ते तुम्हाला माहीत होतं?"

तुळसाक्कांनी माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली. नाक्यावरचा तो इन्स्पेक्टर बसलेला, शिपाई, कारकून, उगाच बघायला आलेली माणसं. सगळे अण्णांकडे बघताहेत. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"गोत्तु," ते म्हणाले.

कुलकर्णी धप्पकन खाली बसले. तुळसाक्कांनी डोळे मिटले. आता संपलं, असं मलाही वाटलं.

जज्जसाहेब मात्र रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "असं? मग तुम्हाला ह्यातलं चांगलंच कळत असणार. गांजा झाडाच्या कुठल्या भागाचा करतात?"

अण्णांचा चेहरा खुलला. बाई, काय सांगू, कट्ट्यावर बसल्यावर खुलायचा तसा खुलला! "मुळाचा, स्वामी."

"कधी काढतात?"

"ऐन पावसात. ओला असतानाच कुटायचा. मग चुन्यात भिजत घालायचा."

इन्स्पेक्टरनं रुमाल तोंडाला लावला.

"पीक कुठे येतं?"

"समुद्रकाठी. त्याला खारी हवा लागते."

"आणि घेतल्यावर काय होतं?"

"अंगात ऊब येते, स्वामी. म्हणून तर उशीत भरतात."

सगळं कोर्ट फुटलं. शिपाई हसला, कारकून हसला, कुलकर्णी उपरणं तोंडात कोंबून हसले. अण्णा इकडेतिकडे बघायला लागले. आपण एवढं नेमकं सांगतोय, मग हे हसतात का, हे त्यांना कळेना. जज्जसाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा घातला आणि सांगितलं, की ह्या माणसाचा कबुलीजबाब हा कबुलीजबाब नव्हे, ती सवय आहे. चंद्रावर कोण राहतं असं विचारलं, तर हा पत्तासुद्धा सांगेल. माल ह्याच्यापाशी होता, पण मालाचं ज्ञान ह्याला तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. शिक्षा रद्द.

तुळसाक्का रडल्या, मीही रडले. इन्स्पेक्टरनं येऊन अण्णांचा हात हातात घेतला. अण्णांनी हात दिला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर त्यांनी कुलकर्णींना गाठलं.

"वकीलसाहेब, ह्याच्यावर अपील करता येतं का?"

"कशावर?"

"ते ज्ञान नव्हतं म्हणाले, त्याच्यावर."

कुलकर्णींची तपकीर कोटावर सांडली. "सुटलेल्या माणसाला अपील नसतं, लाडसाहेब," ते म्हणाले. "ते फक्त अडकलेल्यांसाठी."

आम्ही घरी पोचायच्या आधी हकिकत शिवाजीनगरात पोचली होती. तुळसाक्कांनी पेढे वाटले. लोक पेढा तोंडात टाकायचे आणि विचारायचे, "काय अण्णा, ऊब आली का?" पोरांना तर खेळच मिळाला. "अण्णा, उशीत काय?" असं ओरडायचं आणि पळायचं. दुकान काही बसलं नाही. गिऱ्हाईकं येत राहिली, उलट थोडी वाढली. फरक एवढाच झाला, की अण्णा गळ्यातली टेप काढून माप घ्यायला लागले. खांदा, छाती, बाही, सगळं दोनदा. कपडे अंगाला बसायला लागले! तोच ट्रंपेटवाला नवा कोट घालून आला, हात चांगला डोक्याच्या वर नेऊन वाजवून दाखवलं. बँडमास्तर खूश. मेल्यांना कोट बसल्याचं कौतुक. आत माणूस गप्प झालाय, याचं कुणाला काय!

माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. वर्षभर दगड फोडले असते, तर माणूस तिथल्या मुकादमाला दगडांच्या जाती शिकवून आला असता. कोर्टानं तुरुंग वाचवला आणि माणूस ठेवून घेतला. असलं न्यायदान!

"वहिनी," एके दिवशी तुळसाक्का मला म्हणाल्या, "ह्यांना काहीतरी विचारा हो. काहीही. घर कसं खायला उठतंय." मी मुद्दाम पुरण घातलं. वेलदोडा, जायफळ, गल्लीभर वास. मग भिंतीशी तोंड नेऊन हाक मारली, "अण्णा, ओळखा बघू, काय शिजतंय?" पलीकडे खुर्ची करकरली. मग आवाज आला, "तुळसे, वहिनी काय विचारतात बघ."

मी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या, पण मला काही त्या गेल्या नाहीत.

पुढे ह्यांना कारखान्याचं क्वार्टर मिळालं. सामान गाडीत भरलं, तुळसाक्कांच्या गळ्यात पडून झालं, मी गाडीत चढून बसले. अण्णा कोपऱ्यावर कट्ट्यावर होते, टेप गळ्यात. तेवढ्यात समोरून एक तरुण जोडपं आलं. पुढे ट्रंक घेतलेला हमाल, मागे नवरा, शेवटी बोचकं सांभाळत ती पोर. आमच्या घरातले नवे भाडेकरू असणार. नवरा अण्णांपाशी थांबला आणि त्यानं कानडीत विचारलं, लाड टेलरच्या शेजारचं रिकामं घर कुठलं?

अण्णा अर्धवट उठले. उजवा हात वर आला, चर्चच्या दिशेनं. माझा जीव कसा सुपाएवढा झाला! न्या, अण्णा, न्या त्यांना, मनात म्हटलं. मटणाच्या बाजारातून न्या, सुताराच्या दारात नेऊन उभं करा, त्या पोरीला आयुष्यभर सांगायला काहीतरी मिळू द्या. पाठीमागच्या भिंतीवर त्यांच्याच नावाची पाटी होती. हात थोडा वेळ हवेत राहिला. मग खाली आला.

"गोत्तिल्ल," अण्णा म्हणाले, आणि थोडे सरकून त्यांनी त्या दोघांना कट्ट्यावर बसायला जागा करून दिली.